बिचाऱ्याला एक मत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या समाज मंडळाचे प्रमुख आदरणीय रामनाथशेठ, कामाच्या गर्दीतून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आपल्या वॉर्डाचे नगरसेवक भाऊराव साहेब, व्यासपीठावरची इतर मान्यवर मंडळी, समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणी, मागे उभे असलेले बंधू, आणि मंडपाच्या बांबूंना लोंबकळणारे माझे आजी-माजी विद्यार्थी. बांबू सोडा आधी. मंडप भाड्याचा आहे.

माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं की मधेच मला शंका आली, मी गेले की काय! रामनाथशेठ म्हणाले, "मथुराबाई म्हणजे या कोळीवाड्याची शान." साहेबांनी स्वतःच्या हाताने शाल पांघरली. नारळ मिळाला, हार मिळाला. इतका सत्कार झाल्यावर माणसाने गप्प बसावं, हेच बरं. पण आयुष्यभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवलेल्या बाईसमोर माईक ठेवलात, ही चूक तुमची.

मी सातपाटीला बहिणीकडे राहायला चालले आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. हौसेने चाललेली नाही. आपण आत्ता बसलो आहोत ती ही मासळी वाळवायची जागा, आणि तिच्या कडेला असलेलं माझं घर, दोन्ही कुंपणाच्या आत चाललीयत. इथे मोठी इमारत उठणार. या जागेसाठीच मी दोन वर्षांपूर्वी महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहिले होते. निरोपाच्या भाषणात हरलेल्या निवडणुकीचा विषय काढू नये म्हणतात. पण दुसरं बोलू काय?

आठवतं ना तुम्हाला? कागदोपत्री ही जागा 'मोकळी' दाखवलीय, असं कळलं. मोकळी! वर्षानुवर्षं आपल्या आयांनी इथे बांबू-दोरीच्या वलांड्या बांधून बोंबील वाळत घातले, आणि कागद म्हणतो, इथे कुणीच नसतं. सभागृहात उठून हरकत घेणारं आपलं माणूस हवं, असं याच रामनाथशेठच्या ओसरीवर ठरलं. माणूस कोण? तर बाई. बाईला बोलता येतं, बाई कुणाला घाबरत नाही, बाईच्या हाताखालून अर्धा कोळीवाडा गेलाय. मी नको म्हणत होते. माझी शेजारीण सगुणा माझ्या अंगावर ओरडली, "तू उभी नाय रायलीस तं कोन रानार? मी?" मी उभी राहिले. निशाणी मिळाली छत्री.

आणि काय तो उत्साह! मी उमेदवार होते म्हणून सांगत नाही, पण तसं मतदान या वॉर्डाने पाहिलं नसेल. आदल्या दिवशीच सगळ्या होड्या किनाऱ्याला ओढल्या. सकाळी बायका लुगडी नेसून, अंबाड्यात अबोलीचे गजरे माळून, वाजंत्री लावून केंद्रावर निघाल्या. एप्रिलचं ऊन, त्यामुळे प्रत्येकीच्या डोक्यावर छत्री! केंद्रावरचा अधिकारी बिचारा कळवळून म्हणाला, "अहो, निशाणी घेऊन आत येता येत नाही." तर आमची सगुणा म्हणाली, "साहेब, ऊन काय आमी लावलाय?" त्याने हात जोडले. म्हाताऱ्या द्रौपदीकाकूला खुर्चीसकट उचलून नेलं. संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यात शाई न लागलेलं बोट शोधून सापडलं नसतं. गुलालाची पोती तर दुपारीच आणून ठेवली होती.

आता, साहेब, रागावू नका. त्याच निवडणुकीत तुमचा प्रचारही आम्ही पाहिला. तुमच्या पक्षात दोघांचं तिकिटावरून भांडण झालं, म्हणून तिसऱ्याच्या, म्हणजे तुमच्या गळ्यात ते पडलं. तुमच्या मागून चार माणसं यायची, आणि घोषणाही अशी द्यायची की कुणाची झोप मोडू नये. जीपवरचा भोंगा आपल्या गल्लीच्या तोंडाशीच बंद पडला. तुम्ही घाम पुसत दारोदार फिरलात, मत द्या म्हणायचीसुद्धा तुम्हाला लाज वाटत होती. लोक चहा पाजत होते आणि तुम्ही गेल्यावर हळहळत होते. तुमच्यासाठी कुणाचं काळीज तुटत होतं असं नाही. पण दया येत होती.

तिथेच आपला घात झाला.

साहेब बाहेरचे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे सगळ्या होड्या भरून आल्या आणि एखाद्याचंच जाळं रिकामं आलं, तर बाकीचे आपापल्या टोपलीतली मूठभर मासळी त्याच्या टोपलीत टाकतात. कुणी सांगावं लागत नाही, कुणी उपकार मानत नाही. दर्यावर जाणाऱ्या माणसाने रिकाम्या हाताने घरी जाऊ नये, एवढंच. माझा बाप असा कितीदा तरी दुसऱ्यांच्या मुठींवर घरी आलाय. या रिवाजाचा मला अभिमान आहे. अजूनही आहे.

निकाल लागला. साहेब निवडून आले. आपल्याच कोळीवाड्याच्या मतांवर आले. दीड-दोन हजार मतं आपली, त्यातली मला चारशेच्या आसपास पडली. मी घरी येऊन ओट्यावर बसले. मला वाटलं, पैसे वाटले असतील, दमदाटी झाली असेल. तसं असतं तर बरं झालं असतं हो, निदान कुणाशी तरी भांडता आलं असतं! तेवढ्यात सगुणा आली. डोळ्याला पदर. म्हणाली, "बाय, तू तं येनारच व्हतीस. सगला गाव तुझ्या मागं. म्हून मी माझा येक मत त्या बिचाऱ्याला टाकला. तेला कोनच नव्हता गं."

मी विचारलं, "तू एकटीनेच?"

"मी येकलीनंच," ती म्हणाली. "मना काय ठावं, सगल्यांनीच टाकला!"

आता तिच्यावर रागवायचं तरी कसं? घराघरातून तेच निघालं. नवऱ्याला वाटलं, बायकोचं मत बाईलाच आहे, आपण एक इकडे देऊ. बायकोला वाटलं, नवरा आहेच की. आणि आणलेला गुलाल? तो वाया कशाला घालवायचा, म्हणून तुम्ही तो साहेबांवर उधळलात. वाजंत्रीचे पैसेही दिलेले होते. साहेबांची मिरवणूक माझ्याच दारावरून गेली आणि लोक मला हात करत होते!

पुढचं सगळं तुमच्यासमोर आहे. जागेचा विषय सभागृहात आला, तेव्हा साहेब गप्प बसले. मी भेटायला गेले तर म्हणाले, "बाई, वरून आदेश आहे, माझं कोण ऐकतो?" ते खोटं बोलले नाहीत. त्यांचं खरंच कुणी ऐकत नाही. ज्या माणसाला कुणी मनापासून निवडलंच नाही, तो कुणाच्या जोरावर उभा राहणार? पण मी रात्र रात्र जागून सभागृहातल्या त्या भाषणाची तयारी केली होती हो. काय बोलायचं ते सगळं पाठ होतं. ते बोलायला मिळालं नाही, याचं दुःख मला घर जाण्यापेक्षा जास्त आहे. आज शाल घेताना ते लपवायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

मघाशी मंडपाच्या दारात माझी जुनी विद्यार्थिनी शकु धावत आली. म्हणाली, "बाई, जाऊ नका ना! पुढच्या इलेक्शनला उभ्या राहा. आपण वाट लावू सगळ्यांची, झकास काम करू यार!" तोच उत्साह, तेच चमकणारे डोळे. शकु, पोरी, मतदानाला तू नटूनथटून जाशील, यात मला शंका नाही.

बरं, एक विचारते. शाळेतली सवय. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी मला मत दिलं त्यांनी हात वर करा. लाजू नका.

अगं बाई! किती हे हात! लवूदादा, तुम्ही तर दोन्ही वर केलेत. सगुणा, अगं तू कशाला? तूच मला रडत सांगितलंस ना? हसू नका तिला. ती खोटं बोलत नाही, तुमच्यापैकी कुणीच बोलत नाही. तुम्हाला आतून असंच वाटतं की तुम्ही माझ्याच बाजूने होता. मी तरी काय म्हणू?

आणि भाऊराव साहेब, तुमचाही हात वर? खाली घ्या, फोटोवाला समोर आहे. सगळ्या मंडपात तुमच्या त्या हातावर मात्र माझा पूर्ण विश्वास बसला. तुम्हाला निवडून यायचंच नव्हतं.

असो. मंडळाने माझा हा सोहळा केला, रामनाथशेठनी अध्यक्षपद घेतलं, साहेब आले, बायांनी सकाळपासून चुलीपुढे बसून जेवण रांधलं, त्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. बोलताना जीभ कुठे घसरली असेल, कुणाला लागलं असेल, तर म्हातारीचं बोलणं समजून पोटात घाला. जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही.

आणि जाताना, बायांनो, वलांडीवर ज्यांचे ज्यांचे बोंबील आहेत त्यांनी ते आजच काढून न्या, ओले असले तरी न्या. उद्या सकाळी कुंपणवाले येतायत.