निळीचा विलायती बुश

लिहून घ्या. सर्व संबंधितांना अत्यंत दुःखाने कळवण्यात येतं की जोगेश्वरीच्या आमच्या चाळीतल्या एकुलत्या एक मोटारीचं, म्हणजे आमच्या निळीचं, पुढचं उजवं चाक एका वर्षात पाच वेळा आजारी पडलं. हसू नका. मी देवगडकडचा, सोळाव्या वर्षी मामाकडे आलो, मरोळच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिलो तो पंचवीस वर्षं उभाच आहे, आणि त्या कमाईतून सांताक्रूझच्या एका पारशी बाईंची जुनी गाडी घेतली. बाई परदेशी चालल्या होत्या, चावी देताना रडल्या. मीही रडलो. बायको म्हणाली, तुम्ही कशाला रडताय, तुम्हाला तर मिळाली.

तर हे चाक. त्यात एक पितळी बुश असतो, अंगठ्यावर बसेल एवढी नळी. तो झिजला की स्टेअरिंग असं थरथरतं, जसं काय अंगात आलंय. मग मी निळीला अंधेरीला नेतो, बाबल्याच्या गॅरेजात. बाबल्या माझ्या गावचा, वाडी एक, देऊळ एक, त्याला सोडून दुसऱ्याकडे गेलो तर शिमग्याला गावात तोंड कुठे दाखवू? हा दर वेळी गाडीखालून बाहेर येतो, हात पुसतो, डॉक्टरसारखी मान हलवतो आणि म्हणतो, बुश गेलो रे, देशी घालू की विलायती? आता तुम्हीच सांगा, निळीला देशी घालवेल? मग तेलकट कागदाची पुडी निघते. तू गावचो म्हणान ठेवलंय, अस्सल, बोटीतून इलो. आणि त्या अस्सलपायी दर वेळी माझा अर्धा पगार बाबल्याकडेच राहतो.

पाचव्यांदा बुश गेला तेव्हा बायकोने बजावलं. दिवाळीची साडी गेली होती, पोरीच्या क्लासची फी लांबली होती, हिचं काय चुकलं? म्हणाली, हे शेवटचं, पुन्हा थरथरली तर निळी भंगारात, आणि आज मी पण येते, बघू दे मला ती विलायत.

गेलो दोघं. बाबल्याने जुना बुश काढून खाली टाकला, पुडीतून नवा काढला. मी सहज हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं, आणि काय सांगू तुम्हाला, दोन ठिपके. आमच्या कारखान्यात लेथवर धातू कातणारे आम्ही तिघे टर्नर, कोणी किती नग केले ते कळावं म्हणून प्रत्येकाने आपल्या नगावर पंच मारायचा, एकाचा एक ठिपका, एकाचे तीन, आणि दोन ठिपके माझे. शेठ ओव्हरटाइमला हे बुश डबे भरभरून करून घ्यायचा, भंगार वितळवून केलेलं पितळ, इतकं मऊ की लोणी कापतोय असं वाटायचं. आम्ही हसायचो, ज्याच्या गळ्यात पडतील त्याचं देव भलं करो. कुठे जातात ते मी कधी विचारलं नाही. खाली पडलेला झिजका उचलला. त्याच्यावरही दोन ठिपके.

मग मी जो सुटलो. बाबल्या, मेल्या, ही विलायत मरोळला कधी आली रे? माझ्या हातचा बुश मलाच अस्सल म्हणून घालतोस, आता देवळात कुठल्या तोंडाने नारळ ठेवशील? शेजारचा पानवाला गिऱ्हाईक सोडून ऐकत राहिला. बाबल्याची मान खाली. म्हणाला, माका काय म्हायत, व्यापारी विलायती म्हणान देता.

निळी आजही दारात आहे. तिचा बुश आता मीच करतो, चांगल्या पितळाचा, आणि तेव्हापासून ती एकदाही थरथरलेली नाही. भंगाराचं नाव हिने पुन्हा काढलं नाही. ते मऊ नग करणार नाही म्हणून शेठला सांगितलं, ओव्हरटाइम गेला, जाऊ दे. पण त्या दिवशी मी गॅरेजात एवढा गरजत होतो ना, तेव्हा हिने माझ्या हातातले दोन्ही बुश घेतले, ठिपके न्याहाळले आणि सगळ्यांच्या देखत बोलून गेली, अहो, म्हणजे दर दोन महिन्यांनी झिजतो तो माल तुम्ही केलेला?