बाजेखालची शेगडी

कळंबच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी होत्या. सत्यभामाबाईंच्या मांडीवर सुनेसाठी घेतलेल्या डिंक-खारकांची पिशवी होती. खातूनबी त्यांच्याच गल्लीतल्या.

"सून बाळंतीन आहे, भाबी. मी तिच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवतो, अन् थे खिडकी उघडते!"

"मंग?"

"मंग मी लावतो. फटीत पोतंबी कोंबतो. लेकराले वारा लागंन ना!"

"अन् शेगडी आतच?"

"हाव. कोळशाचा लाकडावानी धूर कुठी होते?"

"थेच त खराब आहे, बाई. दिसत काईच नाई, पन जहरी गॅस निंगते. तुमचं डोकं दुखते का त्या खोलीत?"

"लय जड राह्यते. मले वाटलं, नजर लागली."

"नजर नाई, कोळसा आहे थो. आमची सून फरहा बाळंतपनात अशीच बेसुद पडली होती. शेगडी आंगनात ठेवा, कपडा तिथं शेका अन् गरम गरम आत न्या."

"माय वो! थांबा, फोन लावतो. हॅलो, दीपा? आधी खिडकी उघड! अन् शेगडी बाहेर काढ!"

फोनचा आवाज सगळ्या बाकांना ऐकू येत होता.

"आई, तुमी घरून निंगाल्या तवाच काढली मी. खिडकीबी उघडीच आहे."

"अन् लेकरू?"

"मस्त झोपलं आहे."

फोन बंद झाला.

"पाह्यलं, भाबी? माह्यं एक ऐकत नाई!"

"मंग आता रागवसान का तिले?"

"रागवतो ना! आधी डिंकाचे लाडू खाऊ घालतो, मंग रागवतो."