दादाच्या गाडीचे डोळे

आमचं गाव कामठा. आजा धानाच्या बांधीत, बाप धानाच्या बांधीत, मीही तिथंच राहिलो असतो, पन माझ्या मोठ्या भावानं, दादानं, एक दिवस घरी गाडी आनली. आमच्या अख्ख्या खानदानातली पयली चारचाकी. का सांगू तुमाले, गोरेगावचा बाजार म्हना, कोनाची बाळंतीन म्हना, पोरीची विदाई म्हना, दादाचीच गाडी. मी मांगून लटकून जाऊन जाऊन गाडी चालवाले शिकलो.

दसऱ्याले वयनी, म्हनजे दादाची बायको, गाडी धुवून दोन्ही हेडलाईटवर तेल-शेंदराचे सातिये, म्हनजे स्वस्तिक, काढे. नारळ फुटे, हार लागे, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी दादा थिनरचा बोळा घेऊन शेंदूर पुसून टाके. शेंदूर वाळला का निघत नाही ना जी. दादा म्हने, पूजा झाली, आता रस्ता दिसू द्या. काच कशी लख्ख होऊन जाये.

मंग दादा गेला. छातीत दुखते म्हनला अन् गोंदियाच्या दवाखान्यात पोचेपावतर सारं संपलं. बैल विकल्यापासून कोठा रिकामाच होता, वयनीनं गाडी त्याच्यात लावाले सांगितली अन् वरून ताडपत्री टाकली. त्यानंतर कोनी त्या गाडीले हात लावला नाही. मीही नाही. एक भंगारवाला विचाराले आला होता, वयनीनं त्याले पानीसुद्धा विचारलं नाही, अन् आमच्या घरी पानी न विचारनं म्हनजे समजून घ्या.

मी बी गाडीच घेतली. तीच कंपनी, तेच मॉडेल, फक्त नवीन. तोंडवळा सेम टू सेम, वयनी पाहून रडली होती. मले का मालूम, का दादाच्या गाडीले काचेचे हेडलाईट होते अन् माझ्या गाडीले प्लास्टिकचे.

मागचा दसरा झाला. वयनीनं माझ्या गाडीवर सातिये काढले. दुसऱ्या दिवशी मी बांधीकडे गेलो होतो, घरी येतो तं वयनी थिनरचा बोळा घेऊन हेडलाईट घासून राहिली. दादा करे तसंच. मले चांगलंच वाटलं. पानी मारून पाहतो तं दोन्ही हेडलाईट ताकासारखे पांढरे. वाटलं ओले आहेत म्हनून. वाळले तं आनखीनच पांढरे.

आता तुमी म्हनाल, त्यात का एवढं. पन आमच्या गावचे एक गुरुजी आहेत, रिटायर झालेले, त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसले गोंदियाले नेतो, उजाडाच्या आधी निघावं लागते. अन् दिवाळीपासून आमच्याकडे धुई, म्हनजे धुकं, पडते. एका सकाळी समोर धानाच्या भाऱ्यांची बंडी होती, बैलं मले दिसलेच नाही. ब्रेक मारला, गाडी तिरपी होऊन काठावर गेली. गुरुजी म्हनले, तुळशीराम, मी मराले नाही जाऊन राहिलो बापा, जगाले जाऊन राहिलो. मी घाबरलो जी. माझ्या हातून त्यांचं बरंवाईट झालं असतं तं मी तोंड कोनाले दाखवलं असतं? त्या दिवशी ठरवलं, असं चालत राहिलं तं सकाळची खेप बंद. अन् खेप बंद केली तं गुरुजी कसे जातील, तेही कळत नव्हतं.

कुडव्याच्या मिस्त्रीले घरी बोलावलं. त्यानं बोट फिरवलं अन् म्हनला, भैया, ये कांच नहीं है, प्लास्टिक है, थिनर किसने मारा? पालिश केली, आठ दिवस चाललं, पुन्हा तसंच. पुन्हा बोलावलं तं म्हनला, नया जोड़ा भी प्लास्टिक का ही आएगा, पुराने मॉडल का कांच वाला मिल जाए तो बैठ जाएगा, बोल्ट के होल वही हैं. तो मिळते कुठं? कोठ्यात. वीस पावलांवर. पन मागाचं कसं? मी कोठ्याकडे पाहिलंही नाही. वयनी ओसरीत तांदूळ निवडून राहिली होती, तिनं सारं ऐकलं होतं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, वयनी, तुमी कायले मनाले लावून घेता, मीही तेच केलं असतं. ती उठून आत गेली. मंग सकाळी पाहतो तं ताडपत्री काढून घडी करून ठेवलेली, अन् वयनी गाडीजवळ उभी.

म्हनली, भाऊजी, हिचे डोळे काढून घ्या. इथं भिंतीकडे पाहून का करून राहिले ते?

मी मिस्त्रीले बोलावलं. मिस्त्री आला, गंजलेल्या बोल्टांवर घासलेट टाकून बसला. काच निघाली, रबराच्या कडेले दादाच्या बोळ्यातून सुटलेला शेंदूर अजून चिकटून होता. माझ्या गाडीत बोल्ट नेमके बसले, फक्त वायरचा खटका वेगळा होता, तो कापून जोडला. संध्याकाळी भिंतीवर उजेड पाडून सेटिंग केली. डाव्या काचेवर गिट्टीचा एक टवका आहे, मिस्त्री म्हनला राहू द्या. मी बी म्हटलं राहू द्या. माझे पांढरे हेडलाईट वयनीनं दादाच्या गाडीत लावाले लावले, म्हनली, रिकाम्या खोबण्या ठेवू नका.

काय सांगू तुमाले, पयल्याच सकाळी धुईत रस्ता दिसला तं माझ्या छातीवरचा दगड उतरला. गुरुजी मांगे झोपले. पयल्यांदा झोपले जी, नाहीतर माझ्यासंगं तेही रस्ताच पाहत बसत.

आता या दसऱ्याले वयनीनं पुन्हा सातिये काढले. दुसऱ्या दिवशी थिनरचा बोळा हातात घेऊन उभी, पुसे ना. माझ्याकडे पाहून राहिली. मी म्हटलं, पुसा वयनी, काच आहे. तिनं पुसलं. एक घासा मारला, थांबली, बोटानं पाहिलं, मंग दुसरा मारला. काच लख्ख. अन् ती हसली, दादा गेल्यापासून मी तिले असं हसताना पाहिलं नव्हतं.

सकाळी मी निघतो तवा ती दारात येते. म्हनते, भाऊजी, पाहून जाजा.

आता पाहूनच जातो जी.