बर्फाची बाकं

राइया : हो, तीन वाजून दहा मिनिटांनी. मीच बोलतेय, राइया, सॉना माझाच आहे. खांबाभोवती फिरवायच्या चक्रीगाडीवरून उडाली, बर्फावरून घसरत गेली आणि पाण्यात पडली. हिल्का. त्रेपन्न वर्षांची. तुमचंच हेलिकॉप्टर घेऊन गेलंय तिला. बियर होती, सगळ्यांनीच घेतली होती. नाही, आणखी कोणाला काही झालेलं नाही. बरं. ठेवते फोन.

ऑर्वो : झालं? बचावपथकाला 'पाण्यात पडली' एवढंच?

राइया : त्यांनी विचारलं तेवढं सांगितलं.

ऑर्वो : अख्ख्या तळ्यावर हातभर जाड बर्फ आहे. लाकडांनी भरलेला ट्रक नेला तरी हलायचा नाही. त्यात माझी बायको पडली कशी, हे नाही विचारलं त्यांनी? आणि तुलाही सांगावंसं वाटलं नाही, की आमच्या तूरेसाहेबांनी तिथे करवतीनं माणूसभर खिडकी कापून ठेवली होती म्हणून?

तूरे : खुणेच्या फांद्या लावल्या होत्या मी.

ऑर्वो : कुठे लावल्या होत्यास? स्वप्नात?

तूरे : चार कोपऱ्यांना चार. स्प्रूसच्या झाडाच्या. काल संध्याकाळी.

ऑर्वो : आज सकाळी मी तिथेच चक्रीगाडीचा खांब रोवला. बर्फाला भोक पाडून, खाली चिखलात ठोकून, वरून पाणी ओतून गोठवला. दोन तास तिथे होतो मी, तूरे. आजूबाजूला एक काडी उभी नव्हती. नुसतं पांढरं. रात्री पडलेलं भुरभुरीत हिम आणि त्याखाली तुझी खिडकी, कागदाएवढा बर्फ धरलेली.

तूरे : मी लावल्या होत्या.

राइया : ऑर्वो, त्याला जरा श्वास घेऊ दे. ओठ बघ त्याचे. तूरे, आत सॉना तापलाय, सकाळपासून तापवतेय मी, आत जाऊन बस पाच मिनिटं. असा घोंगडीत कुडकुडत बसू नकोस, तो हेलिकॉप्टरमधला डॉक्टर काय सांगून गेला तुला?

तूरे : नको. आत नको.

राइया : अरे पण का?

तूरे : नको म्हणतो ना. ती तिथे थंड पडलीये आणि मी आत गरम होऊन बसू?

ऑर्वो : वा. आता साहेबांना लाज वाटायला लागली.

राइया : त्यानं काढली तिला. तू काठावर उभा राहून ओरडत होतास, बल्ली पाण्यात घालत होतास. हा कपड्यांसकट उतरला. बर्फाच्या कडेखाली गेली होती ती. एवढं तरी लक्षात ठेव.

ऑर्वो : ज्यानं भोक पाडलं त्यानं भोकातून काढली. त्याबद्दल आता पाया पडू का त्याच्या?

राइया : पाया पडू नकोस, तोंड बंद ठेव.

ऑर्वो : टॅक्सी कुठे आहे?

राइया : गावातून निघालीये. रविवार आहे, एकच गाडी चालू आहे. येईल.

ऑर्वो : मी चालवतो माझी.

राइया : किल्ली माझ्याकडे आहे आणि ती मिळणार नाही. दिवसभर बियर पीत होतास. रस्त्यावर आणखी एक अपघात नकोय मला. बस खाली.

ऑर्वो : मी बसणार नाही.

राइया : मग उभा राहा. पण दारासमोरून हल, वारा येतोय.

तूरे : मी लावल्या होत्या, राइया. तुला तरी पटतंय का?

राइया : पटतंय की नाही ते विचारू नकोस आत्ता.

तूरे : म्हणजे मला वेड लागलंय? मी बापाबरोबर लहानपणापासून जाळी टाकतोय बर्फाखाली. भोक पाडलं की आधी फांदी, मग बाकीचं. ते हाताला माहीत असतं माझ्या. फांदी उभी असली की कोणाला काही सांगावं लागत नाही, म्हणून मी तुम्हाला फोन केला नाही. कोणीच करत नाही. तुझ्या नवऱ्यानं तरी कधी केला होता का?

राइया : माझ्या नवऱ्याला मध्ये आणू नकोस. तो गेलाय आणि त्यानं कोणाला बुडवलं नव्हतं.

ऑर्वो : ऐकलंस? हिच्याही तोंडून आलं शेवटी.

राइया : मी तसं म्हटलं नाही.

ऑर्वो : तसंच म्हटलंस.

तूरे : आडोशाच्या झाडाच्या तोडल्या होत्या मी. बोटहाउसमागच्या. ताज्या होत्या, डिंक येत होता हाताला. हे बघ, अजून आहे. घासूनसुद्धा गेला नाही.

राइया : बोटहाउसमागच्या?

तूरे : हो.

राइया : ताज्या. बुंध्याकडे तिरप्या कापलेल्या?

तूरे : कुऱ्हाडीनं एका घावात. का?

राइया : काही नाही.

ऑर्वो : काही नाही कसं? राइया. काय झालं?

राइया : काही नाही म्हटलं ना.

ऑर्वो : तू दाराबाहेर काय बघतेयस?

राइया : पायपुसणं.

ऑर्वो : काय?

राइया : सॉनाच्या पायरीवर फांद्यांचं पायपुसणं घातलंय मी. आज सकाळी. दरवर्षी घालते, सणाच्या या रविवारी जुनं काढून नवं घालायचं असतं. माझ्या गुडघ्यानं जंगलात जायचा कंटाळा केला. सात वाजता पाणी आणायला तळ्यावर गेले, तर तिथे चार फांद्या पडलेल्या. आडव्या. अर्ध्या हिमात. मला वाटलं, पोरांनी स्कीच्या वाटेला लावलेल्या असतील, वाऱ्यानं उडून आल्या. चांगल्या हिरव्यागार होत्या. उचलून आणल्या.

ऑर्वो : तू उचलल्यास.

राइया : पडल्या होत्या त्या.

ऑर्वो : आणि आम्ही सगळे दिवसभर त्यावर बूट पुसून आत आलो. हिल्कानं पण पुसले. काय म्हणाली ती तुला? 'छान वास येतोय, राइया.' म्हणाली ना?

राइया : म्हणाली.

ऑर्वो : म्हणाली.

राइया : माझ्याकडे असा बघू नकोस. फांदी आडवी पडलेली असली तर तिला खूण म्हणत नाहीत. ती उभी हवी. तूरे, उभी का नव्हती? काल रात्री असा काय मोठा वारा होता?

तूरे : थोडा होता.

राइया : फांद्या पाणी ओतून गोठवल्या होत्यास का?

तूरे : पक्क्या होत्या त्या.

राइया : तूरे.

तूरे : हिमात खोचल्या होत्या. खोल खोचल्या होत्या. बादली बोटहाउसमध्ये होती, कुलूप लागलं होतं, अंधार पडायला लागला होता. आई घरी एकटी होती. मला वाटलं, रात्रीपुरतं चालेल. सकाळी येऊन ओततो.

ऑर्वो : आणि सकाळी?

तूरे : सकाळी आईला चक्कर आली. मी दुपारी आलो. सरळ शेकोटीकडे गेलो, सूप बघायला तू ओरडत होतास.

ऑर्वो : म्हणजे आता मी दोषी. सूप करपू नये म्हणालो म्हणून.

तूरे : मी असं म्हणालो का? मी आलो तेव्हा खांब दिसला मला. मला वाटलं, ऑर्वोनं फांद्या बघूनच अंतर सोडून रोवला असेल. त्याला काय, डोळे आहेत.

ऑर्वो : माझे डोळे. ऐक राइया, माझे डोळे. हा भोक पाडणार, ही फांद्या उचलणार आणि डोळे माझे.

राइया : खांब दरवर्षी धक्क्यापाशी असतो. या वर्षी तू तळ्यात आत का नेलास?

ऑर्वो : धक्क्यापाशी बोरूचं गवत आहे. गाडी अडकते. आत बर्फ आरशासारखा होता.

राइया : म्हणजे वेग हवा होता.

ऑर्वो : चक्रीगाडी आहे ती, राइया. वेगासाठीच असते. खांबावर फिरणाऱ्या बल्लीच्या एका टोकाला गाडी, दुसऱ्या टोकाला ढकलणारे. हळू फिरवायची असती तर पाळण्यात बसवलं असतं तिला. आणि ढकलायला तूही होतीस. एका बाजूनं मी, एका बाजूनं तू. 'आणखी जोरात' कोण म्हणत होतं?

राइया : मी म्हणत होते. हसत होते मी. सगळेच हसत होतो.

ऑर्वो : मग झालं.

राइया : झालं काय? तिला बसायचंच नव्हतं. तिनं सांगितलं, कंबर धरलीये, मी बन खाते आणि बघते. तू म्हणालास, 'आमच्या आजीबाईंना शाल द्या कोणीतरी.' पोरांसमोर म्हणालास, पलीकडच्या घरची सगळी पोरं उभी होती तिथे. लाल झाली ती. मग बसली.

ऑर्वो : गंमत होती. पंचवीस वर्षं अशीच गंमत करतोय आम्ही.

राइया : तू करतोस.

ऑर्वो : तुला माहीत नाही आमचं. ती मला काय काय म्हणते ते तू ऐकत नाहीस.

राइया : ऐकते. सॉनाच्या भिंती पातळ आहेत.

तूरे : आता भांडून काय होणार आहे.

ऑर्वो : तू गप्प बस. तुझ्यावर माझं अजून संपलेलं नाही. मला एक सांग. भोक पाडलंस कशाला? मासे नाहीत, सॉनानंतर पोहायचं भोक धक्क्यापाशी शिडी लावून तयार आहे. हे दुसरं कशाला?

तूरे : बाकांसाठी.

ऑर्वो : कसल्या बाकांसाठी?

तूरे : शेकोटीभोवतीची बर्फाची बाकं. दरवर्षी मीच करतो. तळ्यातून लाद्या कापतो, ओढत आणतो, रचतो, वर रेनडिअरची कातडी टाकतो. तुम्ही आलात तेव्हा तयार होती ना?

राइया : अरे देवा.

तूरे : तू बसलास त्याच्यावर, ऑर्वो. बशीत बन घेऊन. बदामाचा गर चांगला की जॅम, यावर अर्धा तास बडबडत होतास. तुझ्या बुडाखाली हातभर जाड, मीटरभर लांब लाद्या होत्या, एक नाही, आठ-दहा. त्या आल्या कुठून, असं वाटलं नाही तुला? दुकानातून?

ऑर्वो : बाकं होती, बसलो.

तूरे : लाद्या दिसतात म्हणजे कुठेतरी तेवढं भोक आहे. हे शेंबड्या पोराला कळतं आपल्याकडे. तू इथलाच ना? का हेलसिंकीहून आलास?

ऑर्वो : आवाज खाली कर.

तूरे : नाही करणार. इतका वेळ ऐकून घेतलं. पाणी ओतलं नाही, ही माझी चूक. ती मी मरेपर्यंत माझ्या डोक्यावर घेईन, तुला सांगायची गरज नाही. पण तुम्ही दोघं त्या बाकांवर बसलात आणि एकानंही विचारलं नाही की तूरे, भोक कुठे आहे. दरवर्षी कोणीतरी विचारतं. या वर्षी नाही विचारलं.

राइया : मी विचारणार होते. मग पाहुण्या पोरांना बन वाटायला गेले आणि राहिलं.

ऑर्वो : सगळ्यांचं राहिलं. छान. सगळ्यांचं राहिलं आणि ती गेली.

राइया : ती गेलेली नाही. असं बोलायचं नाही माझ्या घरात.

ऑर्वो : तू पाहिलंस ना तिला? रंग पाहिलास? तो हेलिकॉप्टरवाला छाती दाबत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

राइया : थंड पाण्यातून काढलेल्यांची आशा ते लगेच सोडत नाहीत. ऊब आणतात आधी, मग ठरवतात. तोच म्हणाला. तू ऐकत नव्हतास.

तूरे : मला आणखी एक सांगायचंय.

राइया : आता काय राहिलंय?

तूरे : ती उडाली त्याच्या आधी. मला शेकोटीपाशी ऐकू आलं. ती 'पुरे' म्हणत होती.

ऑर्वो : ती किंचाळत होती. सगळे किंचाळतात त्या गाडीवर.

तूरे : किंचाळत नव्हती. 'पुरे, ऑर्वो, पुरे' म्हणत होती. नाव घेऊन.

ऑर्वो : तिचं 'पुरे' मला विचार. 'पुरे' म्हणते आणि उतरवलं की 'आणखी एकदा' म्हणते. लग्नाच्या आधीपासून. मला कळतं तिचं कुठलं 'पुरे' खरं ते.

राइया : हे कुठलं होतं?

ऑर्वो : काय?

राइया : मलाही ऐकू आलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू थांबला नाहीस म्हणून मीही थांबले नाही. मला वाटलं, नवरा आहे, त्याला कळत असेल. म्हणून विचारतेय, ऑर्वो. हे कुठलं होतं?

ऑर्वो : टॅक्सी आली का बघ.

राइया : मी विचारलं काहीतरी.

ऑर्वो : मी एकदा जास्तीचं ढकललं. एकदाच. बस्स? मिळालं? लिहून देऊ त्यांना? तिनं 'पुरे' म्हटलं आणि मी एकदा जास्तीचं ढकललं, कारण पोरं बघत होती आणि मस्त फिरत होती ती गाडी. आता दोघंही माझ्यापासून लांब राहा.

तूरे : दिवे दिसतायत. रस्त्यावर. टॅक्सी असेल.

राइया : कोट घे. टोपी घे. तिची पर्स कुठे आहे? त्यात तिचं कार्ड असेल, तिथे गेल्यावर मागतील. तूरे, उठ, माझ्या नवऱ्याचे बूट घाल, तुझे ओले आहेत.

ऑर्वो : हा येणार नाही.

राइया : हा येणार आहे. गाडी मी बोलावलीये.

ऑर्वो : हा माझ्या शेजारी बसणार नाही.

राइया : मग पुढे बसेल. नाहीतर तू डिकीत बस. पण आज कोणी कोणाला इथे टाकून जाणार नाही, मग रस्ताभर एकमेकांचे गळे धरा हवं तर.

तूरे : राइया, तुझा फोन. वाजतोय.

(राइया फोन घेऊन पायरीवर जाते. थोड्या वेळानं परत येते. टॅक्सी अंगणात उभी आहे.)

ऑर्वो : हॉस्पिटल?

राइया : हो.

ऑर्वो : बोल.

राइया : यंत्राला लावलंय. रक्त बाहेर काढून गरम करून परत घालतात ते. पोचली तेव्हा अंगाचं तापमान तेवीस होतं. आता एकोणतीस झालंय. शुद्ध नाही.

ऑर्वो : एकोणतीस म्हणजे चांगलं? म्हणजे काय समजायचं?

राइया : मीही तेच विचारलं. फोनवरच्या नर्सबाई एवढंच म्हणाल्या, एकोणतीस.