गवंड्याचं बोट

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक गवंडी आणि त्याची बायको बसली होती. मेकॅनिक त्यांची गाडी तपासून आला.

“काका, स्क्रीन चांगला आहे. माझ्या बोटाने एसी लगेच लागला.”

“माझ्याने लागत नाही. दहादा दाबून बघितलं.”

“हात बघू. सिमेंटने कातडं पार निबर झालंय तुमचं. स्क्रीनला बोट कळतच नाही.”

“जुन्या गाडीचं बटण मुकाट फिरायचं. आता समोरच्या काचेवर वाफ धरली की हिला दाबायला सांगतो. रोज कामावर हिला बरोबर न्यावं लागतंय.”

“बोटाऐवजी स्क्रीनवर टेकवायला एक पेन मिळतं. आणतो, तोवर गाडी बाजूला घ्या.”

गवंडी उठून गेला. त्याची बायको मेकॅनिकला हळूच म्हणाली,

“दादा, जुन्या गाडीत यांनी मला कधी पुढे बसवलं नाही. पेन संपलंय म्हणून सांगा.”