काळ्या कोंबडीचं रगात

(पणदरे. आजी लसूण सोलतीय; नातसून आत्ताच बारामतीच्या प्रयोगशाळेतून आलीय.)

स्वप्नाली : आजी, खरं सांगा. माझ्या बर्फाच्या डब्याला हात कुणी लावला?

कौसल्या : मी कशाला लावू? आसल्या डब्याला शिवत न्हाय मी.

स्वप्नाली : आबांच्या नळीतलं रक्त माणसाचं नाहीये.

कौसल्या : माझ्या लेकाचं हाय ते! सोनबा जलमला तवा नाळ कापताना कोयता मोडला, कोयता! तसलं रगात तुझ्या भिंगात मावायचं न्हाय.

स्वप्नाली : मावलं की. एकेका लाल पेशीत ठिपका होता. माणसाच्यात नसतो तो, पाखराच्यात असतो. आणि जखमेवर ओतलं की फसफसतं त्या औषधात थेंब टाकला, तर फेस म्हणून आला नाही. इंदापूरच्या सगळ्या फवारणीवाल्यांच्या रक्ताला आला.

कौसल्या : थंड रगात त्याचं. बापावर गेलाय.

स्वप्नाली : काळी कोंबडी कुठंय?

कौसल्या : मुंगसानं नेली.

स्वप्नाली : वाटणपण मुंगसानंच वाटलं का?

कौसल्या : काल दोन वाट्या रस्सा ओरपलास, तवा न्हाय इचारलंस!

स्वप्नाली : आबांचं रक्त कुठं ओतलं?

कौसल्या : कढीपत्त्याच्या बुडात. तरारंल आता.

स्वप्नाली : लाज कशी वाटत नाही? आबा डाळिंबाला औषध मारून येतात न् उंबऱ्यातच बसून राहतात. विषाशी झुंजायची ताकद रक्तात किती उरलीय, तेवढंच त्या फेसावरनं मोजायचं होतं.

कौसल्या : आन कमी भरली म्हंजी? रविवारी जळोचीचं पावनं येत्यात रेश्माला बघाया. बापाच्या रगतात खोट हाय म्हणून गावभर झालं, तर पोरीला कोण करंल? तुझी पदवी हुईल, तिचं लगीन मोडंल!

स्वप्नाली : नळीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो.

कौसल्या : गावाला नंबर कळाया येळ लागत न्हाय. काल आलेली सून तू, मला शिकीवतीस?

स्वप्नाली : मग ऐका. सकाळी आबा बागेत पडले. पाठीवर पंप तसाच. रेश्मानं उचललं, आत्ता दारात तिनंच सांगितलं मला. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय तिला.

कौसल्या : खोटं!

स्वप्नाली : या घरात खोटं बोलायला मला जागा कुठं ठेवलीय तुम्ही?

कौसल्या : ...आत्ता कुठं हाय त्यो?

स्वप्नाली : पडवीत पडलेत. दवाखान्यात नको म्हणतात. उद्या राहिलेल्या रांगा मारायच्यात म्हणे.

कौसल्या : गाडी बोलीव. आन तुझी सुई बी आण, मी धरते हात त्याचा.

स्वप्नाली : आणि पंप मागितला तर?

कौसल्या : मुंगसानं नेला म्हणावं.