अकरावा प्रश्न

आणि फॉर्म भरायचा कोणी, तर मी! का? तर माझं इंग्रजी चांगलं! अहो, द्राक्ष बागायतदारांच्या संघात मी साधा क्लार्क, पण दोन हजार सहा साली जगभरचे द्राक्षवाले परिषदेला नाशकात येणार असं घाटत होतं, आणि तिकडच्या आयोजकांनी पाठवली ही एवढी प्रश्नांची यादी. पाणी उकळलेलं मिळेल का, दवाखाना किती लांब... दहा प्रश्न झरझर भरले. आणि अकरावा? 'आमचे काही पाहुणे समलिंगी आहेत, पार्टनरसोबत येतील. तुमच्या शहरात ते सुरक्षित राहतील का?' तुम्हाला सांगतो, माझा चहा बशीत सांडला.

आमचे अध्यक्ष कारभारीअण्णा, दिंडोरीचे. म्हणाले, "पार्टनर म्हंजे धंद्यातला ना? येऊ दे की!" म्हटलं, अण्णा, धंद्यातला नाही, म्हणजे... दोन पुरुष, एका खोलीत... "मंग? आपल्याकडं लग्नात एका खोलीत आठ-आठ झोपतात! लिही, आठपर्यंत सोय हाय!" शेवटी डोळे मिटून सांगून टाकलं, अण्णा, नवरा-बायकोसारखे! आधी कमिटीतले गेणूभाऊ हसायला लागले, मग सगळेच, एकमेकांना टाळ्या देत... मीही हसलो हो. न हसून सांगतो कोणाला?

"आपल्याकडं असलं काय नाय," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "एक तरी हाय का रे तुझ्या माहितीत?" आणि बघतायत कोणाकडे? माझ्याकडे! का? तर माझं इंग्रजी चांगलं! "नाही," म्हणालो. "मंग लिही, एकदम सेफ."

तुमची-माझी ओळख नाही म्हणून सांगतो. माझ्या घरी नवनाथ आहे. तेव्हा चौदा वर्षं झाली होती. शेजारच्या सिंधुबाईंना तो माझा रूम पार्टनर, घरमालकाला मावसभाऊ, आणि रेशन कार्डावर... कुठेच नाही. आदल्याच वर्षी त्याचं अपेंडिक्स फुटलं, तर नर्स म्हणते, "जवळचं कोणी बोलवा." अहो, मी दोन फुटांवर उभा! ऑपरेशनच्या कागदावर सही केली त्याच्या भावानं, चांदवडहून येऊन, तीन तासांनी. तोवर मी भिंतीला टेकून नुसता रडत होतो. आणि मी लिहायचं, एकदम सेफ?

नाही लिहिलं. खरं लिहिलं. 'इथे कायद्यानं हा गुन्हा आहे. कोणाला कळलं नाही तर काहीच त्रास नाही. कळलं तर हमी देता येत नाही. यायचंच असेल तर पार्टनरला मावसभाऊ म्हणा.' आणि स्पेलिंग तीनदा तपासलं!

आठ दिवसांत उत्तर. कमिटीपुढे वाचायचं कोणी? मीच! का? तर माझं इंग्रजी चांगलं! 'प्रामाणिक सल्ल्याबद्दल आभार. आमच्या माणसांना तीन दिवससुद्धा तिथे ठेवणं आम्हाला धोक्याचं वाटतं. परिषद दुसऱ्या देशात घेत आहोत.' सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि मी मराठीत काय सांगावं? "अण्णा, त्यांना आपल्याकडचं ऊन सोसणार नाही म्हणे." अण्णा हळहळले, "लय नाजूक माणसं!"

घरी आलो. नवनाथ कोथिंबीर निवडत बसला होता. त्याला मात्र खरं सांगितलं. "तीन दिवससुद्धा नाही?" म्हणाला. नाही म्हटलं. जुडी निवडून झाली, काड्या गोळा केल्या, मग हळूच म्हणतो, "आणि आपली चौदा वर्षं रे?"

म्हटलं, आपलं काय... आपल्याला ऊन सोसतं.